पगाराचा आकडा आणि नशिबाचा आकडा



पंचशील आपण दररोज ग्रहण करतो. हत्या, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून अलिप्त राहण्याची ती शिक्षापदे आहेत. जुगार हा शब्द त्यांत कोठेही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही तो नाही. यावरून आपल्यातील काही चतुर बांधव असा अर्थ काढतात की, दारू सोडली म्हणजे झाले. एखादा आकडा लावला किंवा लॉटरीचे तिकीट घेतले तर शील काही मोडत नाही. कोणी हे चेष्टेने म्हणतो, कोणी मनापासून. नव्याने धम्मात आलेल्या घरात हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. नुसते डोळे वटारून भागणार नाही.

पाचव्या शिक्षापदात आपण 'पमादट्ठान' हा पाली शब्द उच्चारतो. मुलांना तो पाठ असतो, पण त्याचा अर्थ पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसतो. पमाद म्हणजे प्रमाद, बेसावधपणा. आणि ठान म्हणजे ठिकाण. मद्य हे बेसावधपणाचे ठिकाण आहे, म्हणून ते वर्ज्य. आता दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त पाहा. राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला, म्हणजे भिक्खूला नव्हे तर तुमच्याआमच्यासारख्या संसारी माणसाला, भगवान बुद्धांनी धननाशाची सहा द्वारे सांगितली आहेत. तेथे मद्याबरोबर जो 'पमादट्ठान' शब्द आला आहे, तोच शब्द जुगाराबरोबरही आला आहे. तथागतांनी दोघांना एकाच पंक्तीला बसविले असताना आपण त्यांपैकी एकाला उठवून दुसऱ्याला पाट मांडावा काय?

हे येथे लिहिण्याचे कारण आपला परिसर आहे. ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेथून एका बाजूला आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, भोसरी आणि दुसऱ्या बाजूला तळेगाव, महाळुंगे, चाकण असा सगळा कारखान्यांचा पट्टा आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून आपली मुले येथे येतात. खराबवाडीला किंवा महाळुंग्याला एका खोलीत पाच-सहा जण राहतात, तीन पाळ्यांत राबतात. बहुतेक ठेकेदाराकडे. आज काम आहे, सहा महिन्यांनी ब्रेक मिळेल की नाही, पुन्हा घेतील की नाही, काही सांगता येत नाही. ज्याच्या हातात उद्याचा भरवसा नाही त्याला आकडा फार लवकर ओढतो. त्याला मूर्ख म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्याला हिशेब करून दाखविला पाहिजे.

प्रथम मटका. त्याची कुळकथा अशी की, मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर पैज लागत असे. त्यावरूनच 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आले. पुढे ते भाव राहिले नाहीत, तेव्हा आकडे येथेच काढण्यास सुरुवात झाली. १९६२ साली कल्याणजी भगत याने आणि १९६४ साली रतन खत्री याने आपापला मटका सुरू केला. मडक्यातून चिठ्ठी, नंतर पत्त्यांच्या कॅटमधून तीन पाने. समजा २, ५ आणि ८ ही पाने निघाली. बेरीज १५, तिचा शेवटचा आकडा ५, म्हणजे ओपन ५. याच रीतीने क्लोज, आणि दोन्ही मिळून जोडी. गिरणगावातील कामगारांच्या पगारावर हा धंदा पोसला गेला आणि तेथून राज्यभर पसरला. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे पैजेचा करार निरर्थक ठरतो, म्हणजे बुकीने लागलेले पैसे बुडविले तर तुम्ही कोणत्या कोर्टात जाणार?

आता हिशेब. आकडे दहा, शून्यापासून नऊपर्यंत. म्हणजे तुमचा एक आकडा लागण्याचा संभव दहात एक. आणि बुकी देतो साधारणतः नऊपट. एका खोलीतील दहा जणांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले असे समजा. एकाचा आकडा लागणारच. शंभर रुपये गेले, नव्वद परत आले. दहा रुपये कोठे गेले? ते बुकीने काही न करता घेतले. तुम्ही म्हणाल, दहाच रुपये ना! पण खेळणारा तेथे थांबत नाही. लागलेले पैसे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो. या दहा जणांनी आलेले सर्व पैसे पुन्हा दहा आकड्यांवर सारखे वाटून लावले, तर शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्याऐंशी, असे होत दहाव्या दिवशी पस्तीस रुपयेही उरत नाहीत, आणि बाविसाव्या दिवशी दहाच्या आत येतात. यात लबाडी काही नाही. पाने सचोटीने काढली तरीही हेच होते. लबाडी असेल तर ती वेगळी.

आणि जो जिंकला त्याचे काय? त्याचे नव्वद रुपये आले कोठून? दहा त्याचे स्वतःचे. बाकीचे ऐंशी त्याच खोलीतील, त्याच लाईनवर काम करणाऱ्या, त्याच्याबरोबर डबा उघडणाऱ्या नऊ जणांचे. त्यात कोणाच्या मुलीची शाळेची फी असेल, कोणाच्या आईच्या औषधाचे पैसे असतील. त्यांनी ते याला खुषीने दिले आहेत काय? दुसरे शिक्षापद म्हणताना 'अदिन्नादाना' म्हणजे न दिलेले घेणे, असा अर्थ आपण सांगतो. जुगारातील कमाई ही कायद्याच्या भाषेत चोरी नसेल, पण दिलेले दानही ती नाही. सिगालाला सांगितलेल्या जुगाराच्या सहा दुष्परिणामांत पहिला हाच आहे, की जिंकणारा वैर कमावतो. हरणाऱ्याचे दुःख त्यानंतर सांगितले आहे.

आता सर्वांत मोठ्या भ्रमाकडे वळू. "सात आठ दिवस आला नाही, आज येणारच." पानटपरीजवळ वह्या घेऊन, मागील महिन्यांचे तक्ते मांडून बसलेले लोक तुम्ही पाहिले असतील. आता ते तक्ते मोबाईलवर आले आहेत, त्याला 'गेसिंग' म्हणतात. या एवढ्या अभ्यासाच्या निम्मा अभ्यास मुलांकडून करून घेतला तर आम्हां शिक्षकांचे काम हलके होईल! पण तक्ता कितीही लांब असला तरी मडक्यातील चिठ्ठीला काल काय झाले हे माहीत नसते. दहांपैकी एखादा ठरावीक आकडा सलग दहा वेळा न येणे ही मुळीच नवलाची गोष्ट नव्हे. शंभरात सुमारे पस्तीस वेळा असे घडते. आकडे दहा असल्यामुळे कोणता ना कोणता आकडा नेहमी 'थकलेला' दिसणारच.

विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहा. मुलाला सांगा, मनाने शून्य ते नऊमधील वाटेल ते शंभर आकडे एका कागदावर लिही. मग दहा चिठ्ठ्या करा, तांब्यात टाका, एक काढा, लिहा, परत टाका, हलवा, पुन्हा काढा. असे शंभर वेळा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. चिठ्ठीच्या कागदावर तोच आकडा लागोपाठ आल्याची उदाहरणे दहाच्या आसपास सापडतील, क्वचित तीनदाही ओळीने आलेला दिसेल. मुलाच्या कागदावर अशी उदाहरणे फार थोडी असतील, कारण आता चार लिहिला, लगेच पुन्हा चार कसा लिहू, असे त्याचे मन म्हणते. माणसाच्या मनाला मागचे आठवते आणि ते आठवणे आपण चिठ्ठीवर लादतो. बल्गेरिया देशात सप्टेंबर २००९ मध्ये सरकारी लॉटरीत ६ तारखेला ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे सहा आकडे निघाले, आणि चारच दिवसांनी, १० तारखेला, पुन्हा तेच सहा निघाले. देशभर गोंधळ माजला. पण निष्कपट सोडतीत कालचे आकडे आज येण्याचा संभव इतर कोणत्याही सहा आकड्यांइतकाच असतो, तिळभरही कमी नाही.

येथे एक गोष्ट जड मनाने लिहितो. दीक्षा घेतल्यावर आपल्या घरांतून देव्हारे गेले, गंडेदोरे गेले, अंगारे-धुपारे गेले. पण काही घरांत त्यांच्या जागी आकडा येऊन बसला आहे. स्वप्नात साप दिसला तर अमुक आकडा, मूल जन्मले तर तमुक आकडा. गाडीच्या नंबरात शुभ-अशुभ पाहणारे तर घरोघर. आणि त्याहून वाईट म्हणजे १४ एप्रिलचा १४ लावणारे, बावीस प्रतिज्ञांचा २२ लावणारेही आहेत. "बाबासाहेबांचा आकडा आहे, लागेल." ज्या महापुरुषाने रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहून पैशाचे शास्त्र जगापुढे मांडले, त्यांची जन्मतारीख बुकीच्या चिठ्ठीवर लिहावी, याला काय म्हणावे? दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात स्वप्ने सांगणे, लक्षणे पाहणे, शकुन वर्तविणे यांना हीन विद्या म्हटले आहे. त्यांवर पोट भरणाऱ्यांची यादीच तेथे आहे.

व्यवहारानेही हे खोटे ठरते. आवडते आकडे सर्वांचे सारखेच असतात. इंग्लंडमध्ये १४ जानेवारी १९९५ च्या राष्ट्रीय लॉटरीत पहिल्या बक्षिसाला एकाच वेळी १३३ जणांचे आकडे जुळले, आणि एका माणसाला श्रीमंत करणारी रक्कम १३३ ठिकाणी वाटली गेली. त्या सर्वांना आपापला आकडा खास आपलाच वाटला असणार.

एक जिज्ञासू तरुण विचारील, "गुरुजी, पटिच्चसमुप्पाद म्हणतो की प्रत्येक गोष्टीला कारण असते. मग आकड्यालाही कारण असेलच. ते शोधले तर?" प्रश्न चांगला आहे. चिठ्ठी हातात येण्यालाही कारणे आहेत: मडके किती हलविले, चिठ्ठी कशी घडी केली, हात कोठे गेला. पण ती इतकी बारीक आणि इतकी असंख्य की कोणालाही ती आधी कळत नाहीत. कारण न कळणे आणि कारणामागे कोणाची इच्छा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले अज्ञान आहे, दुसरा दैववाद आहे. मक्खलि गोसालाने सर्व काही नियतीने ठरलेले आहे असे शिकविले आणि भगवंतांनी त्या मताचा निषेध केला. सुखदुःख सर्वस्वी पूर्वजन्मीच्या कर्माने येते, किंवा ईश्वर देतो, किंवा काहीच कारण नाही, ही तिन्ही मते त्यांनी नाकारली. "माझ्या नशिबात असेल तर लागेल" म्हणणारा उपासक नकळत मक्खलि गोसालाच्या मठात जाऊन बसतो.

हे अज्ञान विकणारेही आहेत. मोबाईलवर "आजचा पक्का आकडा" देतो म्हणून पैसे घेणारा माणूस काय करतो ते समजून घ्या. तो हजार लोकांचे दहा गट पाडतो आणि प्रत्येक गटाला वेगळा आकडा फुकट पाठवितो. शंभर जणांना तो बरोबर ठरतो. उरलेल्यांना तो विसरतो आणि या शंभरांचे पुन्हा दहा गट. दुसऱ्या दिवशी दहा जणांना सलग दोनदा बरोबर आकडा मिळालेला असतो. तिसऱ्या दिवशी एकाला सलग तीनदा. तो एक माणूस आता जन्मभर शपथ घेऊन सांगेल की याला आकडा कळतो. घरातील डाग मोडून तो पैसे देईल, आणि कारखान्यात चार जणांना ओढील. बाकीचे नऊशे नव्याण्णव लाजेने गप्प बसलेले असतात.

आता लॉटरीचे तिकीट. "ती तर सरकारी, त्यात काय वाईट?" असे म्हणतात. महाराष्ट्र शासनाने १९६९ साली राज्य लॉटरी सुरू केली हे खरे. संसदेने १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यात एक-आकडी लॉटरीला मनाई केली, हेही लक्षात ठेवा; गरिबाचा पगार कोठे बुडतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळण्याच्या मोबाईलवरील खेळांविरुद्धही संसदेने कायदा केला. पण कायदेशीर झाले म्हणून गणित बदलत नाही. एकोणपन्नासांतून सहा आकडे निवडायचे, अशी लॉटरी जगात पुष्कळ ठिकाणी चालते. अशा निवडी किती होतात? १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. अशी आठ शहरे एकत्र करा आणि त्यातून डोळे मिटून एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवा. तो माणूस म्हणजे तुम्ही. किंवा असे पाहा: तथागतांच्या काळापासून आजपर्यंत, अडीच हजार वर्षे, कोणी दर आठवड्याला एक तिकीट घेत आला असता, तरी त्याची सुमारे १ लाख ३० हजार तिकिटे झाली असती, आणि पहिले बक्षीस एकदा तरी लागण्याचा संभव शंभरात एकसुद्धा नसता.

यंत्र आकडे काढते म्हणून निर्धास्त राहणारेही आहेत. संगणक हा स्वतः मडके हलवीत नाही. त्याला एक सूत्र दिलेले असते, त्या सूत्राने तो आकड्यांमागून आकडे तयार करतो, आणि ते सूत्र माणूसच लिहितो. अमेरिकेत बहुराज्य लॉटरीच्या सुरक्षा विभागाच्याच प्रमुखाने अशा सूत्रात चोरवाट ठेवली होती. ठरावीक तारखांना निघणारे आकडे त्याला आधी कळत. तो पकडला गेला आणि २०१७ साली त्याला शिक्षा झाली.

मग चिठ्ठी टाकणे हेच पाप आहे काय? नाही. हा भेद नीट समजून घ्या. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात अशी हकिकत आहे की, राजगृहात दुष्काळ होता आणि सर्व संघाला पुरेल इतके भोजन देणे लोकांना शक्य नव्हते. तेव्हा भगवंतांनी शलाकेवर खूण बांधून, त्या एकत्र मिसळून, त्यांप्रमाणे भोजन वाटण्याची अनुज्ञा दिली. त्यात कोणी पैसा लावीत नव्हता. जे थोडे आहे ते पक्षपात न करता कोणाला द्यावे, एवढ्यासाठी ती सोडत होती. म्हाडाच्या घरांची सोडत, महापालिकेत कोणता प्रभाग महिलांना राखीव जाणार याची सोडत, शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्के जागांसाठी मुलांच्या नावांची सोडत, या त्याच जातीच्या आहेत. तेथे चिठ्ठी वशिल्याला बाहेर ठेवते. ज्यांच्या मागे वशिला कधीच नव्हता त्या आपल्या लोकांनी अशा सोडतीचे अर्ज जरूर भरावेत, आणि म्हाडात नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत मागून घ्यावी.

आणि आपल्या बायकांची भिशी पाहा. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी पाचशे, सहा हजार जमतात, चिठ्ठी निघते. मडके तेच, चिठ्ठी तीच. पण येथे चिठ्ठी फक्त पाळी ठरविते. बारा महिन्यांत बाराही जणींना सहा हजार मिळतात. मधून दहा टक्के खाणारा कोणी नसतो. (भिशीचे पैसे घेऊन पळणारेही असतात, म्हणून ती ओळखीत, लहान आणि वहीवर ठेवावी.)

सिगालाला सांगितलेल्या दुष्परिणामांपैकी दोन आपल्या वस्तीत रोज दिसतात. एक, जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही. बुद्धजयंतीच्या वर्गणीचा हिशेब अशा माणसाकडे द्या म्हटले की सगळे खाली पाहतात. तो बोलतो बरोबर, पण ऐकत कोणी नाही. दुसरा, जुगाऱ्याला मुलगी देण्यास लोक तयार होत नाहीत, कारण तो बायकोचे पोषण करू शकणार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे बोलणे आज चाकणला स्थळ पाहायला आलेला बाप जसेच्या तसे बोलतो. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक भाग उपभोगाला, दोन भाग उद्योगधंद्याला, चौथा भाग संकटासाठी राखून. ठेकेदारीच्या पगारात हे चार भाग पडत नाहीत, हे मला माहीत आहे. पण चौथ्याच्या नावाने शंभर रुपये जरी बाजूला पडले तरी ब्रेकच्या महिन्यात ते भाडे भरतात.

ज्या भगिनी म्हणतात, "गुरुजी, कारभारी ऐकत नाहीत, काय करू?" त्यांना भांडणाऐवजी एक वही सुचवितो. दोन रकाने आखा. एकात लावलेले, दुसऱ्यात आलेले. लागलेल्या दिवशी ते स्वतःहून मोठ्याने सांगतील, तेव्हा तो आकडा लिहा. न लागलेल्या दिवशी सांगणार नाहीत, तेव्हा पगारातून किती कमी आले ते लिहा. शक्य असेल तर मुलाकडून लिहून घेऊ नका, त्याच्या डोक्यात हे आकडे नकोत. तीन महिन्यांनी, घरात पाहुणे नसताना, जेवणे झाल्यावर दोन्ही रकान्यांची बेरीज त्यांनाच करायला सांगा. तेव्हा काही बोलू नका. बेरीज झाल्यावर वही त्यांच्याजवळच राहू द्या.